‘नॉर्मल आहे’ असं मी सांगितलं

एमआरआयचं मशीन बंद केलं तरी त्यातलं चुंबक चालूच राहतं. रविवारी, ख्रिसमसला, इमारतीत चिटपाखरू नसतानासुद्धा. ते दिसत नाही की स्वतःचा आवाज करत नाही. पण लोखंडाची वस्तू घेऊन कोणी दारातून चार पावलं आत गेलं, तर ती वस्तू हातातून सुटते आणि गोळीसारखी नळीत घुसते. टेक्सासमधल्या एका संशोधन केंद्राच्या तळघरात मी अशा खोलीची राखण केली. पगाराच्या चिठ्ठीवर मी टेक्नॉलॉजिस्ट होते, पण निम्मा वेळ मी देवळाच्या दाराशी चपला काढायला लावणाऱ्या बाईसारखी उभी असायचे. घड्याळ काढा, किल्ल्या काढा, केसातल्या पिना काढा, आणि त्या मागे राहिलेल्या दोन पिनासुद्धा काढा.

एकदा एका आजींना टेबलावर झोपवत होते. पाठ दाराकडे. मागून चाकांची घरघर ऐकू आली म्हणून वळले, तर नवा सफाई कामगार फरशी घासायचं जड यंत्र ढकलत थेट आत निघालेला. माझ्या तोंडून मराठीच आलं, “थांब! मागे हो!” तो मेक्सिकोचा, त्याला माझा एक शब्द कळला नाही. चेहरा कळला. तो थांबला तोवर यंत्राची दांडी त्याच्या हातात थरथरायला लागली होती. दोघांनी मिळून ते इंच इंच मागे ओढलं. नंतर त्यानं छातीवर क्रॉस काढला आणि मी रामरक्षा म्हटली. टेबलावरच्या आजी विचारत होत्या, “सुरू झालं का?”

दुसरा एक जण आयुष्यभर लोखंड कातायच्या लेथवर काम केलेला. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, या प्रश्नावर त्यानं ‘नाही’ला खूण केली होती. मला त्याची बोटं बघून राहवेना. मी वेगळं विचारलं, “डोळा चुरचुरतोय म्हणून कधी काम सोडून घरी गेला होतात?” तो हसला, “हो, एकदा. पण ते आपोआप बरं झालं.” एक्स-रे काढला, कण तिथेच होता. आमच्या चुंबकाजवळ तो कण जागचा हलला असता आणि डोळा गेला असता. तो माझा हात हलवून आनंदात निघून गेला. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. प्रश्न कसा विचारायचा, एवढीच आमच्या धंद्यातली हुशारी. बाकी बटणं दाबायला कोणीही शिकतं.

अमरावतीला फिजिक्समध्ये बीएस्सी, नागपूरला एक्स-रेचा कोर्स, अनिलशी लग्न, आणि त्याच्या मागोमाग डॅलसजवळचं प्लेनो. २००१ मध्ये टेलिकॉम कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली, त्यात अनिलही घरी बसला. तेव्हा मी एमआरआय शिकून घेतलं आणि या केंद्रात लागले. इथे पेशंटवर उपचार होत नसत. वयस्कर माणसांची स्मरणशक्ती का जाते, याचा अभ्यास चालायचा. काही निरोगी म्हातारे, काही विसरभोळेपणाचा आजार जडलेले. दोघांच्या मेंदूंची चित्रं दरवर्षी घ्यायची आणि ताडून बघायची.

एक नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता. चित्र काढायचं, वाचायचं नाही. स्कॅनमध्ये काय दिसलं ते समोरच्या माणसाला सांगायचं तर अजिबात नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत. नियम बरोबरच होता. पण हजारो मेंदू बघितल्यावर डोळ्याला आपोआप वाचता यायला लागतं, त्याला काय करणार?

आमच्याकडे डोक्याभोवती बसवायचे दोन पिंजरे होते. आम्ही त्यांना कॉइल म्हणतो. क्रिकेटचं हेल्मेट असतं तसं काहीतरी. नवा पिंजरा घट्ट बसायचा, चित्र सुरेख यायचं. जुना ऐसपैस होता, चित्र जरा मळकट यायचं. आजारी माणसं नव्या पिंजऱ्यात घाबरायची. एका आजींनी तर माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. म्हणून मी ठरवून टाकलं, आजारी माणसांना जुना पिंजरा, निरोगी माणसांना नवा. कोणाला विचारलं नाही, कोणी हरकत घेतली नाही. उलट अभ्यास चालवणारे प्रोफेसर म्हणाले होते, तुझ्याकडे आलेली माणसं रडत परत जात नाहीत.

मुधोळकर काकांना या अभ्यासात मीच आणलं. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. साठच्या दशकात आलेले इंजिनिअर, डॅलसच्या आसपासचे किती उड्डाणपूल त्यांच्या हाताखालून गेलेले. गाडीत बसले की ते पुलांची ओळख करून द्यायचे, एखाद्यानं नातेवाइकांची करून द्यावी तशी. मी म्हटलं, “काका, आमच्याकडे निरोगी माणसांची फार गरज आहे. आपल्या लोकांपैकी कोणी येतच नाही.” ते म्हणाले, “माझं डोकं शैलाला पुरून उरलंय, तुम्हालाही देतो थोडं.” कागदावरच्या चाचण्या त्यांनी हसत पार केल्या. निरोगींच्या यादीत नाव लागलं. मी नवा पिंजरा बसवला, चित्र काढलं.

काढता काढता बघितलंही. कानाच्या आतल्या बाजूला करंगळीएवढा एक भाग असतो, नव्या आठवणी रुजवण्याचं काम त्याचं. काकांचा तो भाग मला आटलेला वाटला. आमचे रेडिओलॉजिस्ट गाठ वगैरे आहे का एवढंच बघायचे. त्यांनी लिहिलं, वयानुसार. मी गप्प बसले.

आता केतकीबद्दल सांगायला हवं. ती पुण्याची, इंजिनिअरिंग करून इथे पीएचडीला आलेली, प्रोफेसरांच्या हाताखाली. रविवारी आमच्याकडे वरण-भात खायला यायची आणि मला मावशी म्हणायची. ती कॉम्प्युटरला मेंदू ओळखायला शिकवत होती. पद्धत सांगायला सोपी आहे. हे मेंदू निरोगी, हे आजारी, एवढंच सांगून सगळी चित्रं कॉम्प्युटरला द्यायची. फरक कशात आहे ते त्याचं त्यानं शोधायचं. मग न बघितलेला मेंदू दिला की तो सांगतो, हा कुठल्या गटातला.

“पण तो नक्की कशावरून ओळखतो?” मी विचारलं.

“तेच तर कळत नाही ना मावशी! पण ओळखतो यार, जवळजवळ चुकतच नाही.”

प्रोफेसर खुशीत होते. लक्षणं दिसायच्या आधी आजार कळला तर केवढी गोष्ट होती ती. मला मात्र त्या प्रोग्रामची पहिल्यापासून धास्ती वाटायची. डॉक्टर चुकला तर का चुकला ते विचारता येतं. याला काय विचारणार?

२००६ च्या दिवाळीत शैलाकाकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. बाहेर काका पाहुण्यांना तीच पुलाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होते.

“विद्या, तू बघितलंयस ना यांचं डोकं? परवा आपल्याच एक्झिटला हे वळले नाहीत. ‘रस्ता बदललाय’ म्हणाले. आमच्या नंदिनीनं तिकडे बेलव्ह्यूहून फोन करकरून न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये, तर हे यायला तयार नाहीत. म्हणतात, विद्याच्या मशीनमध्ये दोनदा जाऊन आलोय. तू खरं सांग. काही आहे का?”

मी म्हटलं, “काकू, आम्हाला सांगायची परवानगी नाही.”

“म्हणजे आहे.”

त्यांचे हात पिठाचे होते. त्यांनी ते पदराला पुसले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, बघते.

सोमवारी मी केतकीला काकांचं चित्र प्रोग्राममध्ये घालायला लावलं. उत्तर यायला चहा पिण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. निरोगी. नुसतं निरोगी नाही, ठामपणे निरोगी. माझ्या डोळ्यानं काय बघितलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. पण मी कोण? अमरावतीची बीएस्सी. आणि हे इतके मेंदू गिळून बसलेलं मशीन. खरं म्हणजे मला तेच उत्तर हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून मी फोन केला.

“काकू, नॉर्मल आहे.”

पलीकडे त्या रडल्या. अपॉइंटमेंट त्यांनी त्याच दिवशी कॅन्सल केली. काकांनी गाडी चालवणं चालूच ठेवलं.

पुढच्या वसंतात एके सकाळी मी केतकीच्या टेबलाशी गेले तर तिनं घाईघाईनं खिडकी बंद केली. स्क्रीनवरची. मी नाव वाचलं होतं. माझं.

“काय आहे ते?”

“काही नाही मावशी. स्टाफचे टेस्ट स्कॅन असेच टाकून बघत होते. डोंट पॅनिक.”

“केतकी, दाखव.”

आजारी. काकांच्या ‘निरोगी’इतकंच ठाम.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. त्यानंतरचे सोळा दिवस कसे गेले ते आजही सांगता येत नाही. गाडी चालवताना मी बॅचमधल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं म्हणायचे. एक आठवलं नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. शेगडी बंद केली का ते बघायला वाटेतून घरी परत यायचे. पूर्वीही विसरत होतेच की, पण पूर्वी ते नुसतं विसरणं होतं. अनिलला सांगितलं नाही. तो टीव्ही बघताना मी त्याच्याकडे बघायचे आणि मनात यायचं, हा कोण आहे हे एक दिवस मला कळणार नाही, तेव्हा मला कळेल का की मला कळत नाहीये? स्कॅनरच्या खोलीत माणसं झोपवताना पहिल्यांदाच मला कळलं की ती कसल्या भीतीनं येतात. इतकी वर्षं मी फक्त त्यांच्या पिना मोजत होते.

सतराव्या दिवशी हिय्या करून मी स्वतःचं चित्र उघडलं. तो करंगळीएवढा भाग बघायला. तो चांगला भरीव होता. मी परत परत बघितला. मग लक्ष गेलं चित्राच्या कडांकडे. नव्या पिंजऱ्यातल्या चित्रात कवटीजवळचा भाग उजळ येतो, मध्ये जरा काळोख. माझ्या चित्रात सगळीकडे सारखा, मळकट उजेड होता. आणि मला आठवलं. जुना पिंजरा दुरुस्त होऊन आला तेव्हा तपासायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मीच आत झोपले होते.

मी केतकीला खाली बोलावलं. “मला आत्ता स्कॅन कर. एकदा जुन्यात, एकदा नव्यात.”

तिला मशीन चालवायची परवानगी नव्हती, म्हणून दुसऱ्या टेक्नॉलॉजिस्टला बसवलं. अर्ध्या तासाच्या अंतरानं एकाच डोक्याची दोन चित्रं. जुन्या पिंजऱ्यातली विद्या आजारी. नव्या पिंजऱ्यातली विद्या निरोगी.

केतकी जमिनीवरच बसली. “म्हणजे तो मेंदू बघतच नव्हता,” ती म्हणाली. “तो कॉइल बघत होता.”

मी सुटले होते. हसू फुटलं, खरोखर मोठ्यानं हसले. आणि हसता हसताच थांबले. काका नव्या पिंजऱ्यात होते.

प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, सगळं पुन्हा तपासू, एक आठवडा द्या, तोवर बाहेर बोलू नका. काकूंना मी काय सांगून बसले आहे ते त्यांना माहीत नव्हतं, मी बोलले नाही. ‘एक आठवडा’ ऐकून मला हायसं वाटलं, हे इथे लिहून टाकते. फोन न करायला मला कारण मिळालं होतं. नोकरी जाईल, काकू तोंड बघणार नाहीत, मंडळात सगळ्यांना कळेल. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. आठवडा संपला. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला.

“हे सकाळी दूध आणायला गेलेत. दोन वाजले. फोन घरीच आहे. पोलिसांना कळवलंय. विद्या, तू येतेस का?”

मी कामावरून तशीच निघाले. काकू दारात उभ्या होत्या, पायात एक स्लीपर आणि एक बूट. आत फोनच्या स्पीकरवर त्यांची मुलगी नंदिनी, “मॉम, डिड ही टेक द हायवे? मॉम, आन्सर मी.” आम्ही सोफ्यावर बसलो. प्रत्येक गाडीच्या आवाजाला काकू उठायच्या. टेक्सासचे हायवे ज्यांना माहीत आहेत त्यांना मी काय सांगू? पाच-पाच लेन, अठरा चाकांचे ट्रक, आणि मध्ये कुठेतरी एक माणूस, ज्याला आपण कुठे चाललोय ते माहीत नाही.

चार वाजता फोन आला. उत्तरेला, शर्मन गावाच्या पुढे, ओक्लाहोमाच्या हद्दीच्या अलीकडे हायवेच्या कडेला गाडी उभी होती. पेट्रोल संपलेलं. ट्रॅफिकच्या बाजूचं दार सताड उघडं. पोलीस पोचला तेव्हा काका रस्त्याच्या कठड्याला धरून पुलाकडे चालत निघाले होते. ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं जात होते.

आम्ही पोचलो तेव्हा ते पोलिसाच्या गाडीत मागे बसलेले होते. खरचटलंसुद्धा नव्हतं. काकूंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. परत येताना मी गाडी चालवत होते. मॅकिनीच्या आसपास मी सांगून टाकलं. पिंजऱ्याचं, प्रोग्रामचं, माझ्या डोळ्यांनी आधीच काय बघितलं होतं त्याचं, आणि आठ दिवस गप्प बसल्याचं.

आरशात काकू दिसत होत्या. त्यांनी मान फिरवली. उत्तर काकांनी दिलं. त्या क्षणी ते अगदी आमचे जुने काका होते.

“मला माहीत होतं गं,” ते म्हणाले. “रोज कागदावर लिहून ठेवायचो, आज काय काय विसरलो. तू नॉर्मल म्हणालीस तेव्हा तो कागद फाडून टाकला. म्हटलं, विद्या चुकायची नाही.”



दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांना सगळं लिहून दिलं. केंद्राच्या चौकशी समितीपुढे उभी राहिले. लेखी ताकीद मिळाली, तीन महिने मशीनपासून लांब ठेवलं. कमीच झालं असं मला वाटतं. केतकीनं दोन वर्षांचं काम टाकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी माझ्याकडून प्रत्येक स्कॅनची हकिगत विचारून घेत. कोणाला कुठला पिंजरा, कोणाच्या डोक्याखाली किती उशा, कोण हललं. लोकांना वाटतं कॉम्प्युटरला शिकवणं म्हणजे गणित. त्यातलं बरंचसं तळघरातल्या बाईला विचारण्यात जातं.

काकू मला कधी रागानं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “सहा महिने मी शांत झोपले, ते तुझ्यामुळे. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.” आमचं येणंजाणं राहिलं, पण स्वयंपाकघरात त्या मला पुन्हा काही विचारायला आल्या नाहीत.

न्यूरॉलॉजिस्टकडून आजाराचं निदान झाल्यावरही काका अभ्यासात राहिले. त्यांनीच हट्ट धरला होता, आता तर माझा खरा उपयोग आहे म्हणून. २००८ च्या स्कॅनला आले तेव्हा मात्र ते आत येतानाच अडखळले. संमतीच्या कागदावर या वेळी काकूंची सही होती. मी त्यांच्या खिशातून किल्ल्या, पेन, दोन नाणी काढली. पट्टा काढताना त्यांनी माझा हात झटकला. टेबलावर झोपवलं, हातात धोक्याचा रबरी फुगा दिला, तो दाबला की बाहेर घंटा वाजते. मशीन सुरू झालं, ठकठक, ठकठक.

तिसऱ्या चित्राच्या मध्यावर घंटा वाजली. मी मशीन थांबवून आत गेले. नळीतून फक्त त्यांचे पाय बाहेर दिसत होते, केंद्राचे निळे मोजे घातलेले, आणि ते थरथरत होते. मी दोन्ही हातांनी पाय धरले.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मी विद्या, काका.”

“इथून बाहेर काढ. इथे कोणी नाहीये.”

शेवटची दोन चित्रं राहिली होती आणि अभ्यासाला तीच हवी होती. काचेपलीकडे केतकीनं बोटांनी खूण केली, सातच मिनिटं. बाहेर काकू बसल्या होत्या, विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. सही त्यांचीच होती. पण घाबरलेला माणूस आत होता.

मी बटण दाबून टेबल बाहेर घेतलं, पिंजरा काढला आणि त्यांना उठवून बसवलं. फॉर्मवर लिहिलं, ‘व्यक्तीने थांबवायला सांगितले.’ मग त्यांना चुंबकाच्या खोलीबाहेर आणलं, स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले आणि बूट घालून द्यायला लागले.